मेंदूत रक्त किती?

इटलीतल्या ट्यूरिन शहरात १८८०च्या दशकात आंजेलो मोस्सो या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने माणसाला आडवं झोपवून तोलायचा तराजू तयार केला होता. मधोमध आस असलेली लाकडी फळी आणि तोल साधायला सरकती वजनं, एवढाच तो प्रकार. फळी अगदी समपातळीत आली की त्या माणसाला डोकं चालवायला लावायचं. मोस्सोचा तर्क साधा होता. मेंदू कामाला लागला की तिकडे जास्त रक्त जाईल, डोकं कणभर जड होईल आणि फळी डोक्याच्या बाजूला कलेल.

त्या तराजूच्या निकालांवर आज कुणी पैज लावणार नाही. विचारात पडलेला माणूस श्वास रोखतो, पोट आवळतो, तेवढ्यानेही तोल ढळतो. मात्र मोस्सोकडे याहून भक्कम पुरावा होता, तो म्हणजे इजा होऊन कवटीचा तुकडा निघून गेलेले रुग्ण. त्यांतला बेर्तिनो नावाचा शेतकरी विज्ञानाच्या इतिहासात अजरामर झाला. त्याच्या कवटीच्या भोकातून मेंदूची धडधड उपकरणावर उमटत असे. चर्चची घंटा ऐकू आली, किंवा आठ गुणिले बारा किती असं विचारलं, की मेंदूच्या ठोक्यांची उंची वाढायची. हाताच्या नाडीत त्या वेळी तसा फरक दिसत नसे. म्हणजे हृदय जोरात चालल्यामुळे हे घडत नव्हतं. मेंदू स्वतःपुरतं जास्त रक्त ओढून घेत होता.

१८९० मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्यांच्या कवटीला भोक पाडून मेंदूचा पृष्ठभाग किती वर येतो हे मोजलं. मेंदूच्या कामातून तयार होणारी रसायनंच तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, असं त्यांनी मांडलं. ते तेव्हाच्या समजुतीच्या विरुद्ध होतं. कवटी ही बंद हाडाची पेटी. आत मेंदू, त्याच्या भोवतीचं पाणी आणि रक्त. एकूण जागा ठरलेली, म्हणून आतलं रक्त वाढूच शकत नाही, असं मन्रो आणि केली या स्कॉटिश वैद्यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व सांगत होतं. तत्त्व बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा ताणलेला. रक्त थोडं वाढलं तर मेंदूभोवतीचं पाणी थोडं खाली, मणक्याकडे सरकतं. पण १८९६ मध्ये लेनर्ड हिल यांनी रॉय-शेरिंग्टनच्या निष्कर्षांवर कडक टीका केली आणि हा विषय कित्येक वर्षं मागे पडला.

तो पुन्हा वर आला एका खलाशामुळे. बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांच्याकडे आलेल्या या रुग्णाच्या मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे दृष्टीच्या केंद्राजवळ, रक्तवाहिन्यांचा गुंता होता आणि त्यातून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज त्याला स्वतःलाच डोक्यात ऐकू यायचा. तो वाचायला लागला की आवाज वाढे. अंधारात डोळे मिटून पडला की वाढत नसे. जॉन फुल्टन यांनी हा आवाज चिकाटीने नोंदवला आणि १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. डोळे काम करतात तेव्हा दृष्टीच्या केंद्राचं रक्त वाढतं, याचा माणसातला इतका थेट पुरावा त्याआधी नव्हता.

रक्त वाढतं असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि पुढचं सगळं या फरकावर उभं आहे. एक रक्तप्रवाह, म्हणजे दर मिनिटाला किती रक्त येऊन जातं. दुसरा रक्तसाठा, म्हणजे एखाद्या क्षणी तिथल्या वाहिन्यांमध्ये किती रक्त भरलेलं आहे. उसाच्या पाटाचं पाणी पाहिलेल्याला हे सांगायला नको. पाट काठोकाठ भरलेला असूनही पाणी संथ असू शकतं, आणि पाणी जेमतेम पाऊलभर असूनही खळाळत धावू शकतं.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऑक्सिजनचा वाटा सुमारे २० टक्के. इतकी भूक असूनही तिथे कुठल्याही क्षणी असणारं रक्त फार नसतं. मेंदूच्या करड्या भागात, जिथे चेतापेशींची गर्दी असते, तिथे १०० ग्रॅम ऊतींमध्ये ४ ते ५ मिलिलिटर रक्त असतं. पांढऱ्या भागात त्याच्या निम्म्याच्या आसपास. करड्या भागातून दर मिनिटाला मात्र १०० ग्रॅममागे ६० मिलिलिटरच्या आगेमागे रक्त वाहून जातं. साठ्याला प्रवाहाने भागलं की कळतं, रक्ताचा प्रत्येक थेंब तिथे चार-पाच सेकंदच थांबतो. साठा, प्रवाह आणि हा मुक्काम या तिघांपैकी कुठलेही दोन ठाऊक असले की तिसरा हाती येतो. क्ष-किरण विभागातले डॉक्टर रोज हेच गणित करतात, म्हणजे त्यांचा संगणक करतो.

साठा आणि प्रवाह एकत्र वाढतात, पण सारखे वाढत नाहीत. नळीची त्रिज्या १० टक्क्यांनी वाढवली तर तिच्यात मावणारा द्रव २१ टक्क्यांनी वाढतो. तिच्यातून वाहणारा प्रवाह मात्र, दाब तोच राहिला तर, ४६ टक्क्यांनी वाढतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. प्रत्यक्ष मेंदूत काय होतं हे १९७४ मध्ये सेंट लुइसच्या रॉबर्ट ग्रब, मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी माकडांवर तपासलं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमीजास्त केला की मेंदूच्या वाहिन्या उघडतात आणि मिटतात. या उघडझापीत साठा हा प्रवाहाच्या ०.३८ व्या घाताप्रमाणे बदलतो असं त्यांना आढळलं. म्हणजे प्रवाह ५० टक्क्यांनी वाढला तर साठा १७ टक्क्यांच्या आसपास. हा ०.३८ पुढे अर्ध्या शतकात इतक्या शोधनिबंधांत जसाच्या तसा वापरला गेला, की तो माकडांमधून आणि कार्बन डायऑक्साइडमधून आला आहे याचा अनेकांना विसर पडला असावा.

आता एमआरआयकडे. या यंत्राला रक्त असं काही दिसत नाही. त्याला दिसतो पाण्यातला हायड्रोजन. प्रबळ चुंबकात हायड्रोजनची केंद्रकं चुंबकाच्या दिशेने कल धरतात. रेडिओ लहरीचा धक्का दिला की ती कलंडतात आणि पुन्हा मूळ स्थितीला येताना बारीकसा संदेश देतात. पाणी मेंदूच्या पेशीतही आहे आणि रक्तातही. करड्या भागाच्या संदेशातला रक्ताचा वाटा जेमतेम पाच टक्के, आणि त्या पाच टक्क्यांत होणारा बदल आपल्याला पकडायचा आहे. साध्या एमआरआय चित्राकडे कितीही वेळ पाहिलं तरी तो दिसणार नाही. त्यासाठी रक्ताला वेगळं काढायची काहीतरी युक्ती हवी.

पहिली युक्ती म्हणजे रक्तात चुंबकीय द्रव्य मिसळणं. गॅडोलिनियम या धातूच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र चांगलंच बिघडवतो. मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो, म्हणून तो दुसऱ्या रेणूच्या पकडीत बांधून शिरेतून देतात. सेकंदाला चार-पाच मिलिलिटरच्या वेगाने, एका दमात. हा लोंढा हृदयातून मेंदूत पोचतो आणि काही सेकंद तिथला संदेश खाली पडतो; करड्या भागात वीस ते चाळीस टक्केसुद्धा. यंत्र दर एक-दीड सेकंदाला अख्ख्या मेंदूची चित्रं घेत असतं. प्रत्येक ठिपक्याचा संदेश कसा बुडाला आणि कसा वर आला याचा आलेख काढायचा, संदेशाच्या लॉगरिदमवरून द्रव्याचं प्रमाण काढायचं आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजायचं. जिथे रक्तसाठा जास्त, तिथे क्षेत्रफळ जास्त.

मेंदूत हा हिशेब बसतो याला एक खास कारण आहे. शरीरात इतरत्र गॅडोलिनियम केशवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपतो. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतींतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की निरोगी मेंदूत तो वाहिनीतच अडकून राहतो. रक्त आणि मेंदू यांच्यातल्या या तटबंदीमुळेच ते द्रव्य रक्तसाठ्याचं माप ठरतं. तटबंदी फुटली की माप चुकतं. ते पुढे येईलच.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ब्रूस रोझेन यांच्या हाताखाली जॅक बेलिव्हो हा तरुण संशोधक याच तंत्रावर काम करत होता. हे तंत्र ट्यूमर किंवा पक्षाघाताच्या रुग्णांसाठी होतं. बेलिव्होच्या मनात आलं, निरोगी माणसाला काही दाखवून रक्तसाठा बदलतो का, हेही याने का मोजू नये? त्याने माणसांना यंत्रात झोपवून दोनदा इंजेक्शन दिलं. एकदा अंधारात, एकदा डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये सेकंदाला आठच्या आसपास वेळा प्रकाश लुकलुकत असताना. पहिला नकाशा दुसऱ्यातून वजा केला. दृष्टीच्या केंद्रात रक्तसाठा सरासरी ३२ टक्क्यांनी वाढला होता. १ नोव्हेंबर १९९१च्या ‘सायन्स’च्या मुखपृष्ठावर हे चित्र आलं. माणसाचा मेंदू काम करताना एमआरआयने टिपलेलं हे पहिलं चित्र, आणि त्यात मोजलेली गोष्ट होती मोस्सोचीच, म्हणजे रक्ताचा साठा. शंभर वर्षांनी तराजूची जागा चुंबकाने घेतली होती.

या पहिलेपणाचं आयुष्य जेमतेम काही महिन्यांचं ठरलं. न्यू जर्सीच्या बेल लॅबमध्ये सेजी ओगावा यांनी १९९० मध्येच उंदरांवर दाखवून दिलं होतं, की बाहेरून काही टोचायची गरजच नाही. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी शोधलं होतं, की ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं आणि ऑक्सिजन धरलेलं किंचित दूर ढकललं जातं. म्हणजे रक्तात आधीच एक चुंबकीय द्रव्य आहे. १९९२ मध्ये बेलिव्होच्याच हॉस्पिटलातल्या केन क्वाँग यांच्या गटाने, आणि ओगावा व पीटर बँडेटिनी यांच्या गटांनीही, इंजेक्शनाशिवाय माणसाच्या मेंदूचं काम टिपलं. या पद्धतीचं बोल्ड हे नाव आता जगभर चालतं. सुई नाही, औषध नाही, त्याच माणसावर हव्या तितक्या वेळा प्रयोग. दोन इंजेक्शनांतून एक चित्र काढणाऱ्या पद्धतीचा यापुढे काय निभाव लागणार? फंक्शनल एमआरआय म्हणून आज वर्तमानपत्रांत जी लाल-पिवळे ठिपके असलेली चित्रं येतात, त्यांतली बहुतेक सगळी बोल्डची असतात.

सोयीची किंमत नंतर कळली. बोल्डचा संदेश तीन गोष्टींच्या ओढाताणीतून तयार होतो. चेतापेशी काम करू लागल्या की ऑक्सिजन जास्त खर्च होतो, रक्तप्रवाह वाढतो आणि रक्तसाठाही वाढतो. १९८८ मध्ये पीटर फॉक्स आणि रेकल यांनी दाखवलं होतं, की डोळ्यांपुढे चित्र आल्यावर दृष्टीच्या केंद्रात प्रवाह ५० टक्क्यांच्या आसपास वाढतो, ऑक्सिजनचा वापर मात्र ५ टक्क्यांच्या आसपासच. मेंदू गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्त मागवतो. त्यामुळे शिरांमध्ये ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन उलट कमी होतं आणि बोल्डचा संदेश वर जातो. यात साठा विरुद्ध बाजूने खेचत असतो, कारण शीर फुगली तर तिच्यात तेच हिमोग्लोबिन जास्त मावतं. तीन अज्ञात राशी आणि मोजमाप एकच. शाळकरी बीजगणितातही असं समीकरण सुटत नाही.

रिचर्ड बक्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या ओढाताणीचं गणिती प्रारूप मांडलं. त्यात शीर फुग्यासारखी फुगते आणि सावकाश ओसरते असं गृहीत धरलं होतं, म्हणून त्याला बलून मॉडेल म्हणतात. बोल्डचा संदेश काम संपल्यावर काही वेळ मूळ पातळीच्याही खाली का जातो, याचं उत्तर त्यातून मिळत होतं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्यांच्या मेंदूतल्या वाहिन्या प्रत्यक्ष पाहिल्यावर वेगळंच दिसलं. थोडा वेळ चालणाऱ्या उत्तेजनात फुगतात त्या मुख्यतः छोट्या धमन्या, ज्यांच्या भिंतीत स्नायू असतो. शिरा फारशा हलत नाहीत. प्रारूप टाकाऊ ठरलं नाही, पण त्यातला फुगा बऱ्याच अंशी चुकीच्या जागी बसवला होता.

आणि हीच रक्तसाठ्याची खरी बाजू. चेतापेशी कामाला लागल्या की त्यांच्यातून आणि शेजारच्या ताराकृती पेशींमधून सुटलेली रसायनं जवळच्या धमनीचा स्नायू सैल करतात. सेकंदाच्या आतच ती रुंदावू लागते. जिथे काम, तिथे रुंदावणं. बोल्ड मात्र शिरांमधल्या रक्तावर चालतं, आणि शिरा रक्त वाहून दूर नेतात. काम झालं एकीकडे आणि खूण उमटली मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे, मोठ्या शिरेपाशी. मेंदूचा अमुक भाग बोलताना काम करतो एवढंच सांगायचं असेल तर ही चूक चालून जाते. त्याहून बारीक काही विचारायचं असेल तर चालत नाही.

प्राण्यांवर काम करणाऱ्यांनी म्हणूनच साठ्याची वाट सोडली नाही. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण रक्तात सोडले तर ते तासन्‌तास फिरत राहतात आणि संदेशही मोठा मिळतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ मँडेव्हिल यांनी उंदरांवर, आणि पुढे इतरांनी माकडांवर, ही पद्धत रुळवली. माणसांत असे कण वापरणं तितकं सोपं नाही. फेरुमॉक्सिटॉल हे लोहकणांचं औषध अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या पंडुरोगासाठी मंजूर झालं आणि काही संशोधकांनी त्याचा एमआरआयसाठीही उपयोग करून पाहिला. पण तीव्र ॲलर्जीच्या घटनांमुळे २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा छापावा लागला. निरोगी माणसाला निव्वळ कुतूहलापोटी ते टोचणं कुणाला पटेल?

म्हणून दुसरी युक्ती. मला विचाराल तर एमआरआयच्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत देखणी. हानझांग लू, झेवियर गोले, जेम्स पेकार आणि पीटर व्हॅन झाइल यांनी ती २००३ मध्ये बाल्टिमोरमधून प्रसिद्ध केली. नाव व्हासो. रक्त उजळवून दाखवण्याऐवजी ते पूर्ण गायब करायचं आणि उरलेलं मोजायचं.

हे असं. रेडिओ लहरीच्या धक्क्याने सगळ्या हायड्रोजनची दिशा पूर्ण उलटी करायची. मग तो हळूहळू मूळ दिशेकडे येऊ लागतो. उलट्याकडून सुलट्याकडे येताना मध्ये एक क्षण असा येतो, की संदेश बरोबर शून्य असतो. प्रत्येक पदार्थाचा परतण्याचा वेग वेगळा. तीन टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रात रक्त सावकाश परततं, करडा भाग त्याहून लवकर, पांढरा आणखी लवकर. रक्ताचा शून्यक्षण धक्क्यानंतर सुमारे १.१ सेकंदांनी येतो. नेमक्या त्या क्षणी चित्र घेतलं की रक्त काळं, म्हणजे हिशेबातून बाद. मग ते धमनीतलं असो वा शिरेतलं, ऑक्सिजन असो वा नसो, फारसा फरक पडत नाही. चित्रात उरतात फक्त ऊती.

समजा एका व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या घनाकार ठिपक्यात, शंभर भाग जागा आहे. त्यात पाच भाग रक्त, पंच्याण्णव भाग ऊती. वाहिन्या फुगून रक्त सहा भाग झालं तर ऊतींना चौऱ्याण्णवच उरतात. संदेश पंच्याण्णववरून चौऱ्याण्णववर, म्हणजे सुमारे एक टक्क्याने खाली येतो. म्हणून व्हासोमध्ये मेंदूचा कामात असलेला भाग अंधुक होतो. बोल्डची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा सगळं उलटं वाटतं.

देखणी युक्ती नाजूकही असते. रक्त शून्यावर असतं त्या क्षणी करडा भागही शून्याच्या फार पुढे गेलेला नसतो, त्यामुळे मूळ संदेश आधीच क्षीण, आणि त्यातला एक टक्का शोधायचा. त्यातून कित्येक मिनिटांच्या नोंदींची सरासरी काढावी लागते आणि रुग्णाने मान हलवली की सगळं पाण्यात. सात टेस्लाच्या यंत्रात अडचण वाढते, कारण तिथे रक्त आणि करडा भाग जवळजवळ एकाच वेगाने परततात, आणि मापनाच्या मध्येच धक्का न बसलेलं ताजं रक्त वाहून येतं. लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेत लॉरेन्टियस हूबर यांनी २०१४ मध्ये यावर तोडगा काढला. धक्का कुठे द्यायचा हे बदलून त्यांनी रक्त काळं ठेवलेलं एक चित्र आणि न ठेवलेलं एक चित्र अशी आळीपाळीने घेतली आणि एकाला दुसऱ्याने भागलं. भागाकारात बोल्डचा वाटा कटतो, साठा उरतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मेंदूची करडी साल दोन ते चार मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात सहा थर असतात. थरांची कामं वाटलेली असतात. काही थरांत इतर भागांकडून निरोप येतात, काही थरांतून हुकूम बाहेर जातात. शवविच्छेदनातून आणि प्राण्यांवरून हे शंभर वर्षं माहीत होतं. जिवंत, विचार करणाऱ्या माणसात ते पाहता येत नव्हतं. बोल्डला तर ते पाहणं फारच अवघड. थरांना आरपार छेदणाऱ्या शिरा खालचं रक्त वरच्या पृष्ठभागाकडे नेतात, त्यामुळे कुठल्याही थरात काम झालं तरी खूण वरच्या थरात गडद उमटते.

हूबर पुढे अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे बँडेटिनी यांच्याकडे गेले आणि २०१७ मध्ये त्यांनी हात हलवणाऱ्या सालीचे थर वेगळे करून दाखवले. माणूस बोटं एकमेकांवर आपटत होता तेव्हा रक्तसाठा दोन जागी वाढला, वरच्या थरांत आणि खोल थरांत. बोटं हलवायची पण एकमेकांना लावायची नाहीत असं सांगितल्यावर वरच्या थरांमधली वाढ कमी झाली. वरच्या थरांत स्पर्शाचे निरोप येतात, खोल थरांतून मज्जारज्जूकडे हुकूम जातात, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य जिवंत माणसात साठ्याच्या मापाने खरं उतरलं. दोनच वर्षांनी एमिली फिन आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने कपाळामागच्या सालीत पाहिलं. मनात अक्षरांची मांडणी बदलताना वरचे थर जास्त काम करत होते, आणि उत्तर म्हणून बटण दाबताना खोल थर.

तरीही व्हासो बोल्डला हटवेल असं मला वाटत नाही. सात टेस्लाची यंत्रं जगात मोजकी, पद्धत हळू, आणि एका वेळी मेंदूचा बहुधा छोटा पट्टाच टिपता येतो. बोल्ड हे पाहणीचं साधन म्हणून राहील. पण ‘नेमकं कुठे’ हा प्रश्न आला की आता उत्तर साठ्याकडेच मागावं लागतं.

दवाखान्यात मात्र रक्तसाठा कधीच मागे पडला नव्हता. तिथे अजूनही गॅडोलिनियमच चालतो आणि तपासणीला परफ्युजन एमआरआय म्हणतात. ग्लायोमा जातीच्या ट्यूमरना वाढायला रक्त लागतं, ते स्वतःसाठी नव्या वाहिन्या फुटवून घेतात. ट्यूमरचा रक्तसाठा जितका जास्त तितका तो आक्रमक असण्याची शक्यता जास्त. मात्र ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या प्रकारात कमी आक्रमक गाठीतही साठा वाढलेला सापडतो, म्हणून एवढ्यावरून निदान करत नाहीत. याहून मोलाचा उपयोग उपचारानंतर होतो. रेडिएशन घेतलेल्या रुग्णाच्या चित्रात काही महिन्यांनी पुन्हा उजळ ठिपका दिसतो. ट्यूमर परतला, की रेडिएशनने पेशी मेल्या? साध्या चित्रात दोन्ही सारखेच. मेलेल्या भागात रक्तसाठा कमी असतो, परतलेल्या ट्यूमरमध्ये सहसा वाढलेला. मघाशी सांगितलेली तटबंदी इथेच फुटलेली असते. गॅडोलिनियम बाहेर झिरपून साठ्याचा आकडा बिघडवतो. त्यावर उपाय म्हणून आधी थोडा डोस देऊन ठेवतात किंवा गळतीची गणिती दुरुस्ती करतात.

पक्षाघातात गोष्ट उलटी. वाहिनी तुंबल्यावर प्रवाह कमी होतो, तेव्हा पलीकडच्या वाहिन्या जमेल तेवढ्या रुंदावतात. म्हणजे प्रवाह घटलेला, पण साठा टिकलेला किंवा वाढलेला. तो भाग अजून वाचू शकतो. जिथे साठाही कोसळला, तो भाग बहुधा गेलेला. हा भेद सीटीवर किंवा एमआरआयवर काढता येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी दाखवलं, की अशा चित्रांवरून निवडलेल्या रुग्णांत सहा तास उलटल्यावरही गुठळी काढण्याचा फायदा होतो. एका चाचणीत सोळा तासांपर्यंत, दुसरीत चोवीस तासांपर्यंत. याचा अर्थ सावकाश गेलं तरी चालेल असा अजिबात नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, की तडक हॉस्पिटल गाठायचं.

घरातल्या कुणाच्या परफ्युजन एमआरआयच्या रिपोर्टात आरसीबीव्ही आणि पुढे २.५ असा काही आकडा दिसला तर तो मिलिलिटर नाही. ते गुणोत्तर आहे. गाठीतला साठा मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या, बहुधा पांढऱ्या भागाच्या, साठ्याच्या किती पट एवढंच ते सांगतं. यंत्र बदललं, इंजेक्शनाचा वेग बदलला, संगणकाचा प्रोग्रॅम बदलला की आकडा बदलू शकतो. म्हणून दोन वेगळ्या केंद्रांतले आकडे शेजारी ठेवून घरच्या घरी निष्कर्ष काढू नयेत. दर वेळी शक्यतो त्याच केंद्रात जावं, जुने रिपोर्ट आणि सीडी सोबत न्याव्यात. आणि रुग्णाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर इंजेक्शन देण्याआधी तो सांगावा, अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवावा. गॅडोलिनियम शरीरातून बाहेर पडतो तो मुख्यतः मूत्रपिंडांतून, आणि ती निकामी झालेल्या रुग्णांत काही प्रकारच्या गॅडोलिनियममुळे त्वचा आणि ऊती घट्ट होण्याचा गंभीर आजार होऊ शकतो हे २००६ पासून माहीत आहे.